मेंदूच्या चित्रात आपण का नाही?



गेल्या गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, साड्यांचा स्टॉल आणि रिअल इस्टेट एजंटचे टेबल यांच्या मधल्या जागेत मी एक टेबल मांडले होते. टेबलावर मेंदूची चार मोठी चित्रे, काही माहितीपत्रके आणि एक कोरी यादी. अल्झायमरच्या संशोधनात स्वयंसेवक म्हणून भाग घ्यायला तयार असलेल्या पंचावन्न वर्षांवरील मंडळींनी त्या यादीत नाव आणि फोन नंबर लिहावा, एवढीच अपेक्षा होती. आरतीपासून जेवणापर्यंत तीन तास मी तिथे बसले होते. लोक थांबले, चित्रे पाहिली, माहितीपत्रकाची घडी करून खिशात ठेवली, पेनही घेऊन गेले. यादीत एकही नाव आले नाही.

मात्र त्या तीन तासांत सहा-सात जणांनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "ताई, आई सहा महिन्यांसाठी आली आहे. हल्ली फार विसरते. तिचा तो मेंदूचा स्कॅन इथेच करून घ्यावा का? म्हणजे एकदाचे कळेल तरी."

मी डॉक्टर आहे ती पीएच.डी.ची, औषधे देणारी नव्हे. मेंदूच्या एमआरआय आणि पेट स्कॅनच्या प्रतिमांचे संगणकावर मोजमाप करणे हे माझे काम. त्यामुळे "स्कॅन करावा का" याचे वैद्यकीय उत्तर मी देऊ शकत नाही आणि दिलेही नाही. पण घरी परतताना मनात एक गोष्ट घोळत राहिली. आपल्याला स्कॅन हवा आहे, पण ज्या अभ्यासांमुळे त्या स्कॅनला अर्थ येतो त्यांत जायला आपण तयार नाही. माझ्या मते याचा क्रम उलटा व्हायला हवा. हा लेख त्यासाठी.

स्कॅनमध्ये दिसते तरी काय?

अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली ज्या रुग्ण स्त्रीची हकीकत मांडली, तिचा आजार त्याला ओळखता आला तो तिच्या मृत्यूनंतर, मेंदूचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेले धाग्यांचे गुंते त्याला दिसले. पहिले अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे, दुसरे टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे पुढे कळले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे परिस्थिती अशीच होती. माणूस जिवंत असताना डॉक्टर अंदाज करणार आणि खात्री होणार ती शवविच्छेदनानंतर.

एमआरआय आल्यावर मेंदूची झीज मोजता येऊ लागली. आठवणी साठवण्याच्या कामात ज्याचा मोठा वाटा असतो तो हिप्पोकॅम्पस नावाचा भाग निरोगी वृद्धांमध्ये वर्षाला साधारण एक ते दीड टक्का आक्रसतो, तर अल्झायमरच्या रुग्णांमध्ये साधारण चार ते पाच टक्के. एकाच माणसाचे वर्षावर्षाच्या अंतराने स्कॅन काढले तर हा फरक संगणकाला दिसतो. पण झीज हा परिणाम आहे. घर पडल्यावर ढिगारा मोजावा तसे ते आहे. वाळवी लागली कधी, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्याची सोय पिट्सबर्ग विद्यापीठातील विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांच्या कामामुळे झाली. अमायलॉइडला जाऊन चिकटणारे एक किरणोत्सारी रसायन त्यांनी तयार केले, आणि २००२ साली स्वीडनमधील उपसाला येथे ते प्रथमच एका रुग्णाला टोचून पेट स्कॅन काढण्यात आला. जिवंत माणसाच्या मेंदूतले अमायलॉइड असे पहिल्यांदा दिसले. त्यात वापरलेला कार्बनचा समस्थानिक दर वीस मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे ज्या इमारतीत सायक्लोट्रॉन आहे तिथेच तो उपयोगी. पुढे फ्लोरिनचा समस्थानिक वापरून अशी रसायने झाली. तो निम्मा व्हायला एकशे दहा मिनिटे लागतात, म्हणजे सकाळी बनवून व्हॅनने गावोगावच्या हॉस्पिटलांत पोचवता येतो. असे पहिले अमायलॉइड रसायन २०१२ साली एफडीएने मंजूर केले आणि टाऊसाठीचे २०२० साली.

एका जागी आणि एका वेळी काढलेले चित्र म्हणजे फोटो. आजार पुढे कसा सरकतो हे पाहायचे तर अनेक माणसांचे, अनेक वर्षांचे फोटो लागतात, तेही सारख्या पद्धतीने काढलेले. हे काम २००४ साली अ‍ॅडनी या प्रकल्पाने हाती घेतले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातील पन्नासहून अधिक केंद्रांनी सुमारे आठशे स्वयंसेवक घेतले. काही निरोगी, काही किंचित विसराळू, काही अल्झायमरचे रुग्ण. त्यांचे स्कॅन, स्मरणशक्तीच्या चाचण्या, रक्त आणि काहींच्या पाठीतले पाणी ठरावीक अंतराने तपासले जाऊ लागले. मुख्य पैसा सरकारी, त्याला औषध कंपन्यांचा हातभार. आणि यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, जमलेली सगळी माहिती जगभरच्या कोणाही पात्र संशोधकाला विनामूल्य खुली. पेटंट नाही, "आधी आमचे पेपर निघू देत" नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी पीएच.डी. आणि पुढची वर्षे या माहितीवर काढली आहेत. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक ज्ञान कसे उभे राहते याचे याहून चांगले उदाहरण माझ्या क्षेत्रात नाही.

यातून आणि अशा इतर अभ्यासांतून आजाराचा क्रम हळूहळू स्पष्ट झाला. अमायलॉइड साचायला लागते ते लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी. मग टाऊ पसरते, मग झीज, मग विसरणे, आणि सर्वांत शेवटी रोजच्या व्यवहारात अडखळणे. म्हणजे सत्तरीत आई भाजीत मीठ दोनदा घालू लागते, तेव्हा ती गोष्ट पन्नाशीत सुरू झालेली असू शकते. ही लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांची आजची वये आहेत.

चित्र सुधारले, पण माणूस?

याचा प्रत्यक्ष फायदा काय झाला? एक उदाहरण देते. बापिन्यूझुमॅब नावाचे अमायलॉइड हटवणारे औषध मोठ्या चाचण्यांत अयशस्वी ठरले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा लक्षात आले की ज्यांचे पेट स्कॅन काढले होते, त्यांच्यापैकी धोक्याचे एपीओई-४ जनुक नसलेल्या रुग्णांत ३६ टक्के लोकांच्या मेंदूत पुरेसे अमायलॉइड नव्हतेच. अनुभवी तज्ज्ञांनी अल्झायमर म्हणून निवडलेले हे रुग्ण. जो शत्रू घरात नाही त्याच्यावर औषध चालणार कसे? त्यानंतर अशा चाचण्यांत आधी स्कॅन किंवा पाठीतल्या पाण्याची तपासणी हा रिवाज झाला.

२०२३ साली लेकानेमॅबला पूर्ण मंजुरी मिळाली, २०२४ साली डोनानेमॅबला. डोनानेमॅबच्या चाचणीत तर टाऊच्या स्कॅनवरून रुग्णांचे गट पाडले होते आणि अमायलॉइड पुरेसे गेल्याचे स्कॅनमध्ये दिसले की औषध थांबवले जात होते. आजाराचा प्रवास चित्रावर पाहून उपचार ठरवायचा, हे काही वर्षांपूर्वी स्वप्न होते.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्या मंडळींना नवे तंत्रज्ञान म्हटले की फार लवकर भुरळ पडते. २०२१ साली अ‍ॅड्युकानुमॅब हे औषध एफडीएने मंजूर केले ते प्रामुख्याने स्कॅनमधले अमायलॉइड कमी झाले या आधारावर. रुग्ण सुधारतात की नाही याचा पुरावा इतका डळमळीत होता की एफडीएच्याच सल्लागार समितीने आधी विरुद्ध कौल दिला होता आणि मंजुरीनंतर तिघा सदस्यांनी राजीनामे दिले. सुरुवातीची किंमत वर्षाला ५६,००० डॉलर. २०२४ च्या जानेवारीत कंपनीने ते बंद करत असल्याचे जाहीर केले. चित्र स्वच्छ झाले होते, पण माणसाचे काय झाले ते नीट सांगता आले नव्हते. लेकानेमॅबने १,७९५ जणांच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. हा खरा फायदा आहे, पण अठरा गुणांच्या मोजपट्टीवर तो अर्ध्या गुणाहूनही कमी भरतो, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने पुन्हा पुन्हा एमआरआय काढावे लागतात.

तेव्हा बाजूला घेऊन विचारणाऱ्या त्या मित्रांना मी एवढेच सांगू शकते. ज्यांच्या स्मरणशक्तीला काहीही झालेले नाही अशा पन्नाशीतल्या माणसांतही साधारण दहा टक्क्यांच्या मेंदूत अमायलॉइड सापडते, नव्वदीत चाळीस टक्क्यांहून अधिक. त्यातले अनेक जण काही न होता जगून जातात. म्हणजे "पॉझिटिव्ह" आले तर आईला पुढच्या वर्षी काय होईल, हे त्यातून कळणार नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईला मेडिकेअर नाही, काही हजार डॉलर खिशातून जाणार, आणि ती चार महिन्यांनी साताऱ्याला परतणार. त्याआधी नीट ऐकून घेणारा डॉक्टर, थायरॉइड आणि बी-१२ च्या तपासण्या, ऐकू येते का, झोप लागते का, चालू असलेल्या गोळ्यांत काही गडबड आहे का, हे पाहणे स्वस्त आणि बहुधा जास्त उपयोगी. लक्षणे असलेल्यांसाठी रक्ताची एक चाचणी एफडीएने २०२५ साली मान्य केली आहे, तिचाही विचार डॉक्टर करतील. स्कॅनची गरज वाटली तर तेच सांगतील. लक्षणे असतील, निदान अनिश्चित असेल आणि उत्तरावरून उपचार बदलणार असेल, तर स्कॅन जरूर उपयोगी पडतो. "एकदाचे कळेल" एवढ्यासाठी मात्र नको.

"वयोमानानुसार" म्हणजे कोणाच्या वयोमानानुसार?

आता घरची गोष्ट. माझे वडील कोल्हापूर जिल्ह्यात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर आठ-दहा वर्षांनी ते विसरू लागले. तिथल्या एका हॉस्पिटलात त्यांचा एमआरआय झाला. रिपोर्टचा फोटो भावाने मला पाठवला. शेवटची ओळ होती: वयोमानानुसार झीज, बाकी काही विशेष नाही. भावाला हायसे वाटले. मी मात्र त्या "वयोमानानुसार" शब्दाशी अडखळले. कोणाच्या वयोमानानुसार? कोल्हापुरातल्या बहात्तर वर्षांच्या मास्तरांचा मेंदू सर्वसाधारणपणे केवढा असतो, हे कोणी मोजून ठेवले आहे? रिपोर्ट लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहून अंदाज केला, आणि तो अंदाज ज्या पुस्तकांवर पोसला गेला ती पुस्तके परदेशी मेंदूंची. दीड वर्षाने वडील बाजारातून घरी येण्याची वाट विसरले.

ज्या मोजपट्टीवर आम्ही मेंदू मोजतो तिचा इतिहास थोडा सांगण्यासारखा आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेला, संशोधकांनी वर्षानुवर्षे वापरलेला नकाशा फ्रान्समधल्या एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूवरून केलेला होता. मग मॉन्ट्रियलमध्ये ३०५ माणसांच्या स्कॅनची सरासरी काढून नवा साचा केला गेला, आणि पुढे १५२ जणांचा. ही मंडळी बहुतांश तरुण आणि गोरी. आजही जगभर कुठल्याही मेंदूचा स्कॅन संगणकात घातला की तो बहुधा मॉन्ट्रियलच्या साच्यात ताणून किंवा दाबून बसवला जातो, मग मोजला जातो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये जयंती सिवस्वामी यांच्या गटाने शंभर तरुण, निरोगी भारतीयांच्या स्कॅनवरून २०१९ साली भारतीय मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांना भारतीय मेंदू लांबी, रुंदी आणि उंचीत सरासरीने त्या साच्याहून थोडा लहान आढळला.

इथे लगेच एक खुलासा. आकार आणि बुद्धी यांचा संबंध जोडून एकोणिसाव्या शतकात कवट्या मोजणाऱ्यांनी वंशवादाला शास्त्राचा मुलामा कसा दिला, हे आपण सारे जाणतो. मी म्हणते आहे ते एवढेच की मोजपट्टी चुकीची असेल तर निरोगी मेंदू आजारी ठरू शकतो आणि आजारी मेंदू "वयोमानानुसार".

अ‍ॅडनीच्या पहिल्या टप्प्यात नव्वद टक्क्यांहून अधिक स्वयंसेवक गोरे होते, आणि बहुतेक कॉलेजात गेलेले. नियमावलीत इंग्रजी किंवा स्पॅनिश अस्खलित येणे ही अट होती. म्हणजे माझे वडील इथे येऊन राहिले असते, त्यांना हौस असती, तरी त्यांना प्रवेश नव्हता. अट घालणाऱ्यांचा दुष्टावा होता असे नाही. चाचण्याच त्या भाषांत होत्या. स्मरणशक्तीची एक फार प्रचलित चाचणी आहे, तिच्यात एका इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे सांगायचे असते. देवनागरीत शिकलेल्या माणसाला हा प्रश्नच कळत नाही. भारत-अमेरिका सहकार्याने दिल्लीजवळच्या बल्लभगढमध्ये नव्वदच्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे विचारले. साधी युक्ती, पण त्यासाठी आधी त्या गावात जावे लागले.

त्या बल्लभगढच्या अभ्यासातून, २००१ साली, एक चकित करणारा आकडा निघाला. पासष्टीपुढच्या लोकांत दर हजारी वर्षाला अल्झायमरच्या ४.७ नव्या केसेस. त्याच पद्धतीने पेन्सिल्व्हेनियात मोजले तर १७.५. तिथे धोक्याच्या जनुकाचे प्रमाण कमी म्हणून? आयुर्मान कमी म्हणून? की घरची कामे सून करते, त्यामुळे सासूचे विसरणे कोणाच्या ध्यानातच येत नाही म्हणून? २०१३ साली हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने ६४८ रुग्ण तपासले आणि दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया साडेचार वर्षे उशिरा आल्याचे दाखवले, अगदी निरक्षरांतसुद्धा. मराठी, हिंदी, कानडी अशा तीन भाषा रोज वापरणाऱ्या आजीच्या मेंदूत अमायलॉइड तेवढेच असते आणि ती ते पेलून नेते, की मुळात कमी असते? हे ठरवायला स्कॅन लागतील, एकदाच नव्हे तर वर्षानुवर्षे. दुसरीकडे आपल्यात मधुमेह फार. त्यातून मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान आणि अल्झायमर यांची सरमिसळ होत असेल, तर अमायलॉइड हटवणारे औषध आपल्याला किती उपयोगी पडणार? याचे उत्तर दुसऱ्यांच्या मेंदूवरून मिळणार नाही.

"एशियन" या रकान्याने तर गोंधळ आणखी वाढवला आहे. त्यात जपानपासून जळगावपर्यंत सगळे येतात. औषधाच्या चाचणीत "एशियन सहभाग चांगला" असे वाचून समाधान मानू नका. त्यातले बरेचसे लोक जपान आणि कोरियातल्या केंद्रांतले असू शकतात.

भारतात परिस्थिती बदलते आहे. साठीपुढच्या चार हजारांहून अधिक लोकांच्या देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली अंदाज प्रसिद्ध झाला की साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांतील लोकांचे वर्षानुवर्षे स्कॅन काढण्याचे काम हाती घेतले. विचार करा, कोलारचे शेतकरी बसने येऊन एमआरआयच्या नळकांड्यात झोपायला तयार होतात. आणि आपण, रिसर्च सेंटरपासून वीस मिनिटांच्या ड्राइव्हवर राहणारे, यादीवर नाव लिहीत नाही.

दोष सगळा बाहेरचा नाही

आपल्याला वगळले गेले हे खरे. पण इथे थांबलो तर ते अर्धे सत्य होईल. अ‍ॅडनीच्या २०२२ साली सुरू झालेल्या टप्प्यात नव्या स्वयंसेवकांपैकी किमान निम्मे आजवर वगळलेल्या समाजांतले घ्यायचे असे ठरले. दार उघडले होते. तिकडे २०२५ मध्ये वॉशिंग्टनने विविधतेशी संबंध असलेली अनेक संशोधन अनुदाने रद्द केली, तेव्हा हे दार किती उघडे राहील याची चिंता वाटते. पण उघड्या दारातून आपण किती जण आत गेलो?

आम्ही घरच्यांनी वडिलांचा आजार तीन वर्षे नातेवाइकांपासून लपवला. "दादांना बीपीचा त्रास आहे, म्हणून लग्नाला आले नाहीत." मी, जी रोज ऑफिसात याच आजाराच्या प्रतिमा पाहते, मीसुद्धा फोनवर हेच सांगत होते. कारण? बहिणीच्या मुलीचे लग्न जमायचे होते. "त्यांच्या घरात वेड आहे" असे कोणी म्हणू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मोहन आगाशे यांनी साकारलेला तो संस्कृत पंडित पाहून आमच्याकडे सगळे रडले. दुसऱ्या दिवशी आपापल्या घरच्या पंडिताबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

अमेरिकेतला एक प्रसिद्ध अभ्यास १९८६ साली सुरू झाला. डेव्हिड स्नोडन यांनी एका कॅथलिक संघातील नन्सना विचारले, दरवर्षी स्मरणशक्तीची तपासणी कराल का, आणि मृत्यूनंतर मेंदू द्याल का? ६७८ वृद्ध नन्स हो म्हणाल्या. त्यांच्यातल्या एकशे एक वर्षे जगलेल्या सिस्टर मेरी शेवटपर्यंत तल्लख होत्या, आणि त्यांचा मेंदू उघडला तेव्हा तो अल्झायमरच्या खुणांनी भरलेला निघाला. मेंदूत आजार असूनही माणूस शाबूत राहू शकतो, हे जगाला ठसठशीतपणे दाखवले ते देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा असणाऱ्या या स्त्रियांनी. आपण स्वतःला विवेकवादी म्हणवतो, नेत्रदान-देहदानाच्या महाराष्ट्रातल्या चळवळीचा अभिमान बाळगतो. मग आपली गाडी अडते कुठे?

काही आक्षेप खरे आहेत आणि त्यांना खरी उत्तरे द्यायला हवीत. "आम्ही गिनीपिग का व्हायचे?" निरीक्षणाच्या अभ्यासात औषध देत नाहीत, आणि संमती कधीही मागे घेता येते. पेट स्कॅनमध्ये थोडे किरणोत्सर्जन होते, ते आधी सांगितले जाते. एमआरआयमध्ये तेही नाही. "इन्शुरन्सला कळले तर?" ही भीती अनाठायी नाही. २००८ चा जनुकीय भेदभावविरोधी कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरता आहे. लाइफ आणि लाँग टर्म केअर इन्शुरन्सला तो लागू नाही, आणि स्कॅन म्हणजे जनुकीय चाचणी नव्हे, त्यामुळे त्याला तर नाहीच. म्हणून तो विमा काढायचा असेल तर आधी काढा, आणि निकाल मला सांगू नका असे म्हणता येते का ते संशोधकांना विचारा. "वेळ नाही" हा तिसरा आक्षेप. तो मी ऐकून घेते. पण वर्षाला एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे.

तर माझे म्हणणे असे. पंचावन्न वर्षांपुढील प्रत्येकाने जवळच्या अल्झायमर संशोधन केंद्राला एक फोन करावा. सरकारी अनुदानावर चालणारी अशी तीसहून अधिक केंद्रे देशभर आहेत. बहुतेक अभ्यासांना सोबत एक माहीतगार माणूस लागतो, तेव्हा नवरा-बायकोने जोडीने नाव द्यावे. ग्रीनकार्डवर इथेच स्थायिक झालेल्या आई-वडिलांसाठी विचारावे, आणि भाषेची अडचण सांगितली गेली तर तिथेच थांबू नये. "मराठी चाचणी का नाही?" असे लेखी विचारावे. दहा जणांनी विचारले तर कोणीतरी ती करायला घेईल. मराठी येणारे मानसशास्त्रज्ञ आपल्यात आहेतच. मंडळांनी आरोग्य शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी हे टेबल मांडावे. आणि जमेल त्यांनी मेंदूदानाचा अर्ज भरावा. साधारण चोवीस तासांत ते काम होते, अंत्यसंस्कार अडत नाहीत, चेहरा जसाच्या तसा राहतो.

यातून आपल्या आई-वडिलांना काही मिळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. आपल्याला स्वतःलाही कदाचित नाही. पण वीस-पंचवीस वर्षांनी आपली मुले आपला स्कॅन घेऊन एखाद्या डॉक्टरसमोर बसतील, तेव्हा रिपोर्टमधल्या "वयोमानानुसार" या शब्दाला काही अर्थ असेल.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मेंदू कोणत्याही संग्रहात नाही. त्या वेळी आमच्यापैकी कोणाला सुचले नाही, आणि मला सुचले होते तर मी बोलले नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे, हे मला ठाऊक होते.

येत्या गणेशोत्सवात मी पुन्हा तेच टेबल मांडणार आहे. या वेळी यादी कोरी नसेल. पहिल्या ओळीवर, मेंदूदानाच्या रकान्यात, माझे नाव लिहून ठेवले आहे.